सतरा नंबरची चिपाडं

उपग्रहाच्या चित्रांवर काम करणाऱ्या बाईला कोल्हापुरात लोक एकच प्रश्न विचारतात. "आमचं घर दिसतंय का ओ त्यात?" लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजारची बाई वांग्याची भाजी वाढून घेता घेता हेच विचारणार. सुरुवातीला मी मनापासून समजावून सांगायची. नंतर नंतर "दिसतंय की, आणि पत्रा गळायला लागलाय तुमचा," असं सांगून मोकळी व्हायची. एकीनं खरंच माणूस बोलावून पत्रे बदलून घेतले, असं पुढं कानावर आलं.

एकदा नेसरीकडचे एक गृहस्थ ऑफिसात आले. बगलेत भाकरीचं फडकं, डोक्याला पटका. भावानं बांध कोरलाय, वरनं फोटो निघतोय न्हवं, तर त्याची एक प्रिंट द्या म्हणाले. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की काका, आमच्या चित्रातला एक चौकोन म्हणजे जमिनीवरचे पाच-सहा गुंठे. तुमचा बांध हातभर रुंद. तो कसा दिसणार? त्यांनी चित्राकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मग एवढं वर कशाला सोडलंय त्येला? जरा खाली घ्या की." मी दिल्लीला कळवते म्हटलं. ते समाधानानं गेले, आणि जाताना दोन भाकरी टेबलावर ठेवून गेले.

अशी ही माझी नोकरी. मी लागले तेव्हा ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे नकाशावर पातळ कागद पसरून खालच्या रेघा पेनानं वर उतरवणारी बाई. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट. उन्हाळ्यात त्या ट्यूबचा शेक पोटाला लागायचा. नकाशाच्या प्रती अमोनियाच्या मशिनवर निघायच्या. संध्याकाळी कसबा बावड्याला घरी पोचले की माझी मुलगी नाक धरायची, "आई, आधी ऑफिस धुऊन ये." आता ते टेबल नाही, मशिन नाही. पण कुठं फरशी पुसायचं जहाल औषध उघडलं की मला एकदम तरुण झाल्यासारखं वाटतं.

मग एक दिवस आमच्या साहेबांनी टेबलावर एक मोठी गुंडाळी उलगडली. सगळा कागद लालभडक. मला वाटलं छापताना शाई सांडली. साहेब म्हणाले, "बाई, लाल दिसतंय ते हिरवं समजायचं." मी त्यांच्याकडं बघत राहिले. माणूस बरा होता हो, पण त्या दिवशी मला शंका आली.

त्याचं असं आहे. उजेडातला एक भाग आपल्या डोळ्याला दिसतच नाही. हिरवं रसरशीत पान तो भाग जोरात परत फेकतं आणि उपग्रहाच्या कॅमेऱ्याला तो दिसतो. जो दिसत नाही तो कागदावर दाखवायचा कसा, म्हणून त्याला लाल रंग देऊन टाकला. त्यामुळे ऊस लाल, भात लाल, झाडी लाल. पाणी तो उजेड गिळतं म्हणून पाणी काळं. नांगरलेलं रान करडं. आणि घरं, पत्रे, काँक्रीट, उघडा मुरूम हे सगळं पांढरट. एवढं समजलं की कुणालाही चित्र वाचता येतं. पुढचं सगळं सवयीचं. आणि सवयीनंच माझा घात केला, ते आता सांगते.

आमच्या जिल्ह्यात एक गोड्या पाण्याचा तलाव आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथली माणसं अजून माझ्या ओळखीची आहेत. गावात त्याला थोरला तलाव म्हणतात. वरच्या डोंगरातून एक ओढा येतो, तो तलावाला मिळतो. त्या एका ओढ्यावर तलाव भरायचा आणि तलावावर खालचा सगळा ऊस. शहर वाढत वाढत तिकडं सरकलं तसे प्लॉट पाडणारे आले. त्यांनी ओढ्याकाठची जमीन घेतली आणि म्हणू लागले की जुन्या नकाशात ओढा असेल, पण तो कधीच बुजलाय, आता तिथं नुसता खड्डा आहे. तो मुरूम टाकून सपाट करायला परवानगी द्या. गावानं विरोधी अर्ज केला. ओढा बुजवला तर तलाव मेला, एवढी साधी गोष्ट होती. मग वरून हुकूम आला की तलावाभोवतीची जमीन पूर्वी कशी होती आणि आता कशी आहे याचा उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशा करा. ते काम माझ्याकडं आलं.

आतापर्यंत मी टेबलावरच्या रेघा ओढत होते. पहिल्यांदाच माझ्या रेघेवर कुणाचं तरी पाणी अवलंबून होतं. मी जीव ओतून केलं, हे मी स्वतःच सांगते, कारण सांगायला दुसरं कुणी उरलं नाही. जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी ठेवायचं. जिथं फरक दिसेल तिथं नंबर टाकायचा. शेताचं घर झालं, पडिकाचं शेत झालं, पाण्याचं पडीक झालं, असं एकेक लिहायचं. आणि ओढा? ओढा माझ्या दोन्ही चित्रांत होता. काठाला करंजाची झाडी होती, तिची लाल दोऱ्यासारखी रेघ डोंगरापासून थेट तलावापर्यंत आलेली. बुजलेल्या ओढ्याच्या काठाला अशी झाडी राहत नाही. ती रेघ पहिल्यांदा सलग दिसली तेव्हा मी एकटीच टेबलावर हात आपटून हसले.

नंबर टाकून झाले की जमिनीवर जायचं. आमच्या धंद्यात याला फार महत्त्व. चित्रात दिसलं ते तिथं आहे का, हे पायानं जाऊन बघायचं आणि यादीत बरोबरची खूण करायची. मी, ऑफिसची जीप आणि जीपचे ड्रायव्हर शामराव, असे आम्ही निघालो. थंडीचे दिवस होते. नंबर एक ते सोळा दुपारपर्यंत झाले. सतरा नंबर तलावाच्या अगदी काठाला होता. जुन्या चित्रात तिथं करडं रान, नव्यात चांगला मोठा पांढरा पट्टा. मी लिहिलं होतं, "शेताचं बांधकाम झालं."

तिथं गुऱ्हाळ होतं. पत्र्याची लांब शेड, आत चुलवाणावर काहिल, म्हणजे गुळाची थोरली कढई, चढलेली, रसाला उकळी आलेली. गुऱ्हाळाचे मालक बाळगोंडा आप्पा. जैन शेतकरी, उंच, शर्टाच्या खिशाला नेहमी पेन. गावाच्या विरोधी अर्जावर पहिली सही त्यांचीच होती.

"या की, पावणं. कुठनं आलासा?"

मी सांगितलं. आप्पांचा चेहरा फुलला. "म्हंजे आमच्या वड्याचं काम तुमीच करतासा व्हय? आवं मग उभ्या का? आक्के, बाईंस्नी रस आण."

आक्का म्हणजे त्यांच्या मंडळी. त्यांनी तांब्याभर रस आणला, त्यावर लिंबू पिळलेलं. मग गरम गूळ आला, उसाच्या पेरावर गुंडाळलेला. गुऱ्हाळावर आलेला माणूस तोंड गोड केल्याशिवाय जात नाही, हे काही मला नवीन नव्हतं. माझं माहेर गारगोटीजवळचं, आमच्या घरचंच गुऱ्हाळ. मी लहानपणी शाळा सुटली की दप्तरासकट चिपाडांत लोळायची. रस काढून झाला की उसाचा जो चोथा राहतो त्याला चिपाडं म्हणतात. ती उन्हात पसरून वाळवायची आणि त्याच चुलवाणात जाळायची. त्या दिवशीही आप्पांच्या गुऱ्हाळासमोर तलावाच्या काठापर्यंत चिपाडं पसरलेली होती. मी त्यांच्यावरून चालत आत गेले. माझ्या चपलेखाली ती करकर वाजत होती. वासानं मला आई आठवली. मी आप्पांना आईच्या काकवीबद्दल सांगितलं, आक्कांनी मला त्यांच्या काकवीची बाटली बांधून दिली.

निघताना शामराव म्हणाले, "मॅडम, इथलं बघायचं न्हाय का फिरून?"

"बघितलं की. हे काय, शेड आहे." असं म्हणून मी सतरा नंबरपुढं बरोबरची खूण केली.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. शेड होती ती जेमतेम एका चौकोनाची. चित्रातला पांढरा पट्टा त्याच्या दहापट मोठा. तो पट्टा म्हणजे चिपाडं. वाळलेली चिपाडं उन्हात अशी चमकतात की वरून ती काँक्रीटसारखीच पांढरी दिसतात. जुनं चित्र होतं दसऱ्याच्या आसपासचं, तेव्हा गुऱ्हाळ सुरूच झालेलं नव्हतं. नवं चित्र ऐन हंगामातलं. दिल्लीचा माणूस चुकला असता तर त्याला चिपाडं माहीत नव्हती असं म्हणता आलं असतं. मी त्यांच्यावर उभी राहून रस पीत होते. मला ती दिसलीच नाहीत, कारण मला ती जन्मल्यापासून दिसत होती.

नकाशा वर गेला. त्यावरून तलावाच्या पट्ट्यात नवीन बांधकाम करणाऱ्यांना नोटिसा निघाल्या. सगळ्यात मोठं बांधकाम सतरा नंबरचं. आप्पांना नोटीस गेली.

सुनावणीच्या दिवशी खोली भरलेली होती. टेबलामागं सुनावणीचे साहेब, एका बाजूला प्लॉटवाल्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला गावची दहा-बारा माणसं. मी भिंतीला नकाशा लावून पट्टी हातात घेऊन उभी. ओढ्याची लाल रेघ मी दाखवली. साहेब खुर्चीतून उठून जवळ आले, चष्मा काढून बघितलं, आणि म्हणाले, "हा तर चांगला जिवंत दिसतोय." गावची माणसं एकमेकांकडं बघत होती. मला आत कुठंतरी फार अभिमान वाटत होता. खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात आप्पा पुढं आले. त्यांच्या हातात खताचं रिकामं पोतं होतं, तोंड बांधलेलं.

"साहेब, माझं एक हाय. ह्या नोटिशीत लिवलंय की मी तळ्याकाठाला इमारत बांधलीया. मी काय बांधलं न्हाय. शेड माझ्या वडलांची हाय. बाकी जे बाईंनी नकाशात दावलंय, त्ये मी संगं घिऊन आलोय."

आणि त्यांनी पोत्याचं तोंड सोडून साहेबांच्या टेबलावर चिपाडं ओतली.

आधी कुणाला काही कळलं नाही. मग आप्पांनी बोट दाखवून सांगितलं की नकाशातला पांढरा पट्टा तो हा, आणि मग खोली जी हसायला लागली ती थांबेना. साहेब हसले, गावची माणसं हसली, दारात उभे राहिलेले आमचे शामराव तोंडाला रुमाल लावून हसले. टेबलावरच्या कागदांत चिपाडं घुसलेली. वास सगळ्या खोलीत. आप्पाही हसत होते, आणि हसता हसता माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, राग मानू नगा. तुमीच तर उभ्या हुतासा त्यावर." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना फक्त बापाची शेड वाचवायची होती.

हसायला आलं नाही ते दोघांना. एक मला, दुसरे वकील. ते हसणं संपेपर्यंत थांबले आणि उभे राहिले. "साहेब, ज्या नकाशाला चिपाडं आणि इमारत यांतला फरक कळत नाही, त्याला ओढा आणि खड्डा यांतला फरक कळतो, असं कसं मानायचं?"

आप्पांचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांना तेव्हा कळलं की आपण काय केलं.

साहेब माझ्याकडं वळले. "बाई, बाकीचा नकाशा बरोबर आहे याची खात्री देता?"

मला आजही ती खोली दिसते. वर पंखा फिरतोय, चिपाडाचा भुसा उडतोय. "देते," असं म्हणायचं होतं, बस. ओढा बरोबर होता. मी तो स्वतः चालून बघितला होता, त्यातल्या पाण्यात पाय घातले होते. पण सतरा नंबरवरही मी स्वतः उभी होते. जिथं चपलेखालचं मला दिसलं नाही, तिथं आणखी काय दिसलं नसेल? माझा माझ्यावरचा विश्वास त्या पोत्याबरोबर टेबलावर सांडला होता. मी म्हणाले, "तपासून सांगते."

धंद्याच्या हिशेबानं उत्तर चोख होतं. साहेबांनीही तसंच लिहिलं: नकाशा पुन्हा तपासावा, नवीन चित्रासह सादर करावा, तोवर निर्णय नाही.

मी आठ दिवसांत सगळे नंबर पुन्हा चालून आले. शामरावांना म्हटलं, प्रत्येक ठिकाणी गाडी लांब उभी करा आणि मला कुणी काही खायला दिलं तर मध्ये पडा. एका नंबरचीही चूक निघाली नाही. सतरा सोडून सगळं बरोबर होतं. पण हुकमात नवीन चित्र मागितलेलं, आणि तोवर वळीव सुरू झालेला. आमचा उपग्रह ढगातून बघू शकत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत आमच्या जिल्ह्याची चित्रं म्हणजे नुसता कापूस. दर फेरीला मी चित्र मागवायची, उघडायची आणि बंद करायची. कधी एखाद्या फटीतून शेजारचं गाव दिसायचं. तलाव नाही.

दिवाळीच्या सुमारास पहिलं स्वच्छ चित्र आलं. डोंगरापासून लाल दोरा निघाला होता तो अर्ध्यावर तुटला होता. तिथून तलावापर्यंत मुरमाची पांढरी पट्टी, सरळ, रस्त्यासारखी. निर्णय नव्हता म्हणजे बंदीही नव्हती, असा अर्थ काढून कुणीतरी पावसातच गाड्या ओतल्या होत्या. ते कुणी केलं यावर पुढं पुष्कळ कागद झाले. ओढा काही कागदानं परत येत नाही. मी ते चित्र बघितलं, उठले आणि बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. आमच्या साहेबांनी विचारलं तर डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून सांगितलं.

माझ्याजवळच्या नकाशाच्या प्रतीवर त्या दिवशी मी पेन्सिलनं एक दुरुस्ती केली. सतरा नंबरपुढचं "बांधकाम" खोडलं आणि लिहिलं, "चिपाडं." आमच्या प्रकारांच्या यादीत असा शब्द नव्हता. शेत, झाडी, पाणी, पडीक, बांधकाम, एवढेच खण. मी माझ्यापुरता तो सहावा खण केला.

आप्पांना तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न होता. तो त्यांनीच सोडवला. संक्रांतीला ते ऑफिसात आले, हातात गुळाचा रवा, म्हणजे छोटी ढेप. "चूक तुमची न्हाय न्‌ माझी बी न्हाय," असं काहीतरी त्यांना म्हणायचं असावं. पण ते म्हणाले, "बाई, मी जरा गप बसायला पायजे हुतं."

मी म्हणाले, "आप्पा, मी जरा बोलायला पाहिजे होतं."

मग आम्ही चहा घेतला आणि उसाच्या भावावर बोललो.

त्यानंतर मी कितीतरी वर्षं नोकरी केली. संगणक आले, चित्रं बारीक झाली, चौकोन गुंठ्यांवरून खोलीएवढ्यावर आला. नवीन मुलं-मुली आली, फार हुशार. त्यांना शिकवताना मी एकच गोष्ट ठासून सांगायची. जे तुम्हाला सगळ्यात ओळखीचं आहे तिथं दोनदा जा. त्यांना वाटायचं बाई पुस्तकातलं बोलतायत.

निवृत्त झाल्यावर मुलीनं घरी संगणक घेऊन दिला. आता ती चित्रं फुकट मिळतात, कुणालाही. पाच-सहा दिवसांनी नवीन. माझे मिस्टर सकाळी पेपर वाचतात, मी थोरला तलाव वाचते. दिवाळी झाली की थोड्या दिवसांत तलावाच्या काठाला पांढरा ठिपका उगवायचा. मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, "अहो, आप्पांनी गुऱ्हाळ पेटवलं." गुढीपाडव्यापर्यंत ठिपका राहायचा, मग पुसला जायचा, चिपाडं जळून संपलेली असायची. फोन न करता खुशाली कळायची. एखाद्या वर्षी ठिपका उशिरा आला तर मला चैन पडायचं नाही. जी चूक माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी, तिचीच मी दर वर्षी वाट बघत बसायची.

पण बाकी चित्र बदलत होतं. ओढा गेल्यावर तलावाला वरचं पाणी येईना, यायला लागलं ते नव्या घरांचं सांडपाणी. त्यावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजलं. केंदाळ हिरवंगार, म्हणजे आमच्या चित्रात लाल. काळाभोर तलाव कडेकडेनं लाल होत मध्यावर आला. खालचे उसाचे पट्टे एकेक करून करडे पडले. ठिपकाही दर हंगामाला लहान व्हायला लागला. आप्पांकडं गाळायला ऊस कमी येत असणार, हे मला वरून कळत होतं आणि मी काहीच करू शकत नव्हते.

गेल्या वर्षी ठिपका आला तो जानेवारीत, एकदम मोठा. मला आनंद झाला. मी मिस्टरांना बोलावून दाखवला. म्हटलं, बघा, आप्पांनी जोरात काढलाय हंगाम. पाडवा झाला, ठिपका तसाच. एप्रिल गेला. मे महिन्यातल्या चित्रातही तो जागचा हलला नव्हता, आणि त्याला कोपरे आलेले होते. चिपाडांना कोपरे नसतात.

मी जुना नकाशा कपाटातून काढला, का काढला ते सांगता येणार नाही, आणि गेले. शामराव आता नाहीत. मुलीनं गाडीनं सोडलं.

गुऱ्हाळाच्या जागी तीन मजली इमारत उभी होती, अजून गिलावा व्हायचा होता. शेजारी दुसरीचे खांब. आप्पा मागच्या घराच्या कट्ट्यावर बसलेले. खूप वाकलेत. खिशाला पेन मात्र होतं.

"या की, बाई. वरनं दिसलं व्हय?"

"दिसलं."

"पाणी न्हाय तर ऊस न्हाय. ऊस न्हाय तर काहिल काय नुसती तापवायची? पोरगं म्हनलं, बाबा, द्यूया. दिलं." मग माझ्या हातातल्या गुंडाळीकडं बघून म्हणाले, "त्योच हाय न्हवं?"

मी नकाशा त्यांच्या मांडीवर उलगडला. त्यांनी बोट डोंगरावर ठेवलं आणि ओढ्याच्या लाल रेघेवरून सावकाश खाली आणलं. मध्ये कुठं थांबले नाहीत. तलावाच्या काळ्या पाण्यात बोट काही वेळ तसंच राहिलं. मग ते काठाला सरकलं आणि सतरा नंबरवर आलं. तिथं माझं जुनं पेन्सिलीचं अक्षर होतं. त्यांनी ते डोळ्याजवळ नेऊन वाचलं, मोठ्यानं. "चिपाडं."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आप्पा, तेव्हा मी बांधकाम लिहिलं, ते चूक होतं. आता बघा, तेच बरोबर झालंय. हे मी पुसते." पिशवीत खोडरबर होतं, ट्रेसरच्या पिशवीत ते असतंच. मी ते काढलं.

आप्पांनी नकाशावर पंजा ठेवला. "ऱ्हाऊ द्या."

"पण आप्पा, आता ते खोटं आहे."

"असंल. पर कुठं तरी लिवलेलं ऱ्हाऊ द्या की." आणि पंजा उचलेनात.

आत आक्कांनी ताटं मांडली होती. दिवस मावळायच्या आत जेवायची त्या घरची रीत, त्यामुळे उन्हं असतानाच बसलो. आमटी-भात आणि ताटाच्या कडेला गुळाचा खडा. "शेवटच्या आदणाचा हाय, शेवटची काहिल उतरली तवाचा," आक्का म्हणाल्या, "जपून खातोय." मी तो खडा पानात टाकला नाही, एका कणाइतकासुद्धा.

माझ्या सगळ्या नोकरीत माहीत असून चुकीचा ठेवलेला नकाशा एकच. तो माझ्या कपाटात आहे. त्यावर सतरा नंबरला चिपाडं आहेत.